सर्व्हर मुंबईत, फोटो मात्र चार एमबीचाच

'सीडीएन घेतलाय, सर्व्हर मुंबईत आहे. आता रनाळ्यासारख्या गावातही फोटो झटकन उघडतील.' नंदुरबारची मिरची ऑनलाइन विकायला निघालेल्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याच्या हातात कॅल्क्युलेटर द्यावासा वाटतो.

सीडीएन म्हणजे गिऱ्हाइकाजवळच्या सर्व्हरवरून फाइल देणारं जाळं. तो अंतर कमी करतो, वजन नाही. पोतं जवळच्या गोदामातून उचललं म्हणून हलकं होत नाही. समजा, सर्व्हर मुंबईऐवजी सिंगापूरला असता. सिंगापूर ते मुंबई साधारण चार हजार किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन चाळीसेक मिलिसेकंद. केबल सरळ जात नाही आणि जोडणी जुळवायला तीन-चार फेऱ्या लागतात, हे धरलं तरी मुंबईमुळे वाचतो फार तर पाव-अर्धा सेकंद. आता पथारीवर वाळत घातलेल्या मिरचीचा 4 एमबीचा फोटो घ्या. 2 एमबीपीएसच्या नेटवर तो उतरायला 16 सेकंद लागतात. तोवर गिऱ्हाईक निघून गेलेलं असतं.

बरं, उतरल्यावरही सुटका नाही. 4000 बाय 3000 पिक्सेलचा फोटो फोनच्या मेमरीत उलगडला की 48 एमबी जागा खातो, कारण प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. स्क्रीन मात्र 720 पिक्सेल रुंद! म्हणून सेवा निवडताना 'तुमचे सर्व्हर किती शहरांत?' हे नंतर विचारा. आधी विचारा: मागणाऱ्या स्क्रीनच्या मापाचा फोटो कापून देता का? ब्राउझर पाहून वेबपी, एव्हीआयएफ किंवा जेपेग यांपैकी योग्य फाइल-प्रकार आपणहून निवडता का? क्लाउडिनरी, इमेजकिट ही कामं करतात. स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचं असेल तर मुक्त स्रोत असलेलं थम्बॉर आहे.

'वेबपी म्हणजे दर्जा गेला' हा सीडीएनच्या गैरसमजाचाच धाकटा भाऊ. गुगलच्या स्वतःच्या चाचण्यांनुसार तेवढ्याच दर्जाची वेबपी फाइल जेपेगपेक्षा 25 ते 34 टक्के लहान असते. पण मिरचीवाल्यांनी एक गोष्ट जरूर तपासावी. लॉसी (थोडी माहिती गाळून लहान केलेला) वेबपी रंगाची माहिती उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी निम्मी करून साठवतो. आकाश, चेहरे यांत ते कळत नाही. गडद लाल मिरचीच्या कडा मात्र धूसर होतात. एव्हीआयएफमध्ये पूर्ण रंग ठेवण्याची सोय आहे. तेव्हा कंपनीचे नमुना फोटो बघून भुलू नका, आपल्याच ढिगाचा फोटो चढवून बघा.

असेच आणखी दोन गैरसमज. 'वेबसाठी 72 डीपीआयच हवं.' ब्राउझर तो आकडा बघतही नाही. 'सगळ्या फोटोंना लेझी लोडिंग लावा', म्हणजे पडद्याजवळ येईपर्यंत फोटो उतरवूच नका. पहिल्याच पडद्यावरच्या मोठ्या फोटोला लावलंत तर तो उलट उशिरा दिसतो.

राहिला खर्च. 'फुकट प्लॅन पुरतो', असं म्हणणाऱ्यांनी मोजणी कशाची होते ते वाचलेलं नसतं. क्लाउडिनरीचं एक क्रेडिट म्हणजे एक जीबी साठवण, एक जीबी वहन किंवा हजार रूपांतरं. फोटोच्या वेब-पत्त्यात (यूआरएलमध्ये) कुठलीही रुंदी टाकायची मुभा ठेवलीत तर 719, 720, 721 अशी प्रत्येक रुंदी वेगळं रूपांतर म्हणून मोजली जाते. चार-पाच रुंद्या ठरवून टाका आणि पत्त्यांना डिजिटल सही लावून बाकीच्या बंद करा.