टोचून आणलेली ताकद

1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमरावतीची माणसे होती. वैद्य बंधूंनी 1914 साली सुरू केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक तिथे आपले देशी खेळ आणि व्यायामप्रकार दाखवायला गेले होते. शेरिंग ही औषध कंपनी त्याच बर्लिनची. तिच्या पाठबळावर काम करणाऱ्या अडोल्फ बुटेनांट या रसायनशास्त्रज्ञाने आदल्याच वर्षी प्रयोगशाळेत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तयार केले होते. त्याच सुमारास झुरिकमध्ये लिओपोल्ड रुझिच्कालाही ते साधले. 1939 चे रसायनशास्त्राचे नोबेल दोघांत विभागून दिले गेले. आखाड्याच्या मातीत तयार झालेली शरीरे आणि कुपीत भरता येणारी ताकद अशी एकाच शहरात होती, आणि एकमेकांशी त्यांचा काही संबंध नव्हता. आज तो आला आहे.

शरीर कमावण्याची हौस वऱ्हाडाला नवी नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात पाहावे. गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी भरून शेकडो भरण्यांच्या जड कावडी खांद्यावर घेत पोट्टे रात्रभर चालतात आणि राजराजेश्वराला जल चढवतात. त्या खांद्यांमागे महिनोन्‌महिन्यांची तयारी असते. तालीम होती तेव्हा वस्ताद होता, आणि वस्ताद घाई करू देत नसे. जिममध्ये मात्र महिन्याची फी भरलेली असते, समोर आरसा असतो, हातात मोबाईल असतो. तीन महिन्यांत दंड का फुगला नाही, हा प्रश्न तिथे लवकर येतो. त्याचे उत्तर कुणीतरी हळूच कानात सांगतो: "सायकल मारून घे ना बे!"

सायकल म्हणजे काही आठवडे इंजेक्शने आणि गोळ्या घ्यायच्या, मग काही आठवडे थांबायचे. त्यात स्टेरॉइड असतात: टेस्टोस्टेरॉन असते, नॅन्ड्रोलोन असते, ज्याला सगळे ‘डेका’ म्हणतात. गोळीच्या रूपातले मेथॅन्डिएनोन असते, ते ‘डायना’. सीबा कंपनीने ही गोळी 1958 मध्ये अमेरिकेत आणली आणि जॉन झिगलर या डॉक्टरने ती वेटलिफ्टरांना दिली. पुढे आपले खेळाडू काय करत आहेत हे पाहून झिगलरलाच पस्तावा झाला, कारण त्याने दिलेल्या मात्रेवर थांबायला कुणी तयार नव्हते. हीच गोळी 2016 मध्ये आपल्याही बातम्यांत आली. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन सापडले. अन्नात कुणीतरी भेसळ केली, असे त्याचे म्हणणे होते. नाडा या भारतातील उत्तेजकविरोधी संस्थेने ते मान्य करून त्याला मोकळे केले, पण वाडा या जागतिक संस्थेच्या अपिलावर क्रीडा लवादाने ते फेटाळले आणि रिओ ऑलिंपिकमध्ये कुस्तीला उतरण्याआधीच चार वर्षांची बंदी घातली.

औषधाने काही होत नाही, नुसते पाणी भरते, असे सांगणारे डॉक्टर किंवा शिक्षक पोरांसमोर हमखास तोंडघशी पडतात. औषध काम करते. 1996 साली शलेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 43 पुरुषांवर प्रयोग केला. आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, दहा आठवडे. व्यायाम आणि औषध दोन्ही घेणाऱ्यांचे चरबीविरहित वजन सरासरी सहा किलोंनी वाढले. नुसता व्यायाम करणाऱ्यांचे दोन किलोंच्या आसपास. आणि नुसते औषध घेऊन हातपाय न हलवणाऱ्यांचे तीन किलोंहून अधिक! जिममधला पोऱ्या हा फरक डोळ्यांनी पाहतो, म्हणून तो उपदेश ऐकत नाही. त्या प्रयोगातली माणसे निवडून घेतलेली होती, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होती, आणि दहा आठवड्यांत सगळे थांबले. जिममध्ये अकराव्या आठवड्यानंतरच खरी गोष्ट सुरू होते.

शरीर टेस्टोस्टेरॉन किती बनवायचे ते मेंदूकडून ठरवते. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच हे दोन संदेश वृषणांना पाठवते. पहिल्याने टेस्टोस्टेरॉन बनते, दुसऱ्याच्या मदतीने शुक्राणू. विहिरीवरच्या मोटारीला टाकी भरली की बंद करणारा ऑटो स्विच असतो, तसे हे चालते. बाहेरून भरमसाट टेस्टोस्टेरॉन आले की मेंदूला टाकी भरलेली दिसते आणि तो संदेश थांबवतो. वृषण आकसतात. शुक्राणूंची संख्या घसरते, कित्येकदा शून्यावर येते. दंड फुगलेला, दाढी दाट, आणि लग्नानंतर दोन वर्षे झाली तरी पाळणा हलत नाही. मग तपासण्या मात्र आधी बायकोच्या होतात. आपल्याकडे हे असेच चालते, आणि सायकलीचा विषय घरात कुणाला ठाऊकच नसतो.

जास्तीचे टेस्टोस्टेरॉन शरीरात पडून राहत नाही. त्यातल्या काहीचे अरोमॅटेज नावाचे विकर इस्ट्रोजनमध्ये रूपांतर करते. त्यामुळे पुरुषाची छाती स्त्रीसारखी वाढते, जिमच्या भाषेत ‘गायनो’. एकदा गाठ पक्की झाली की ती बहुधा शस्त्रक्रियेनेच जाते. अमरावती आणि अकोला हा सोयाबीनचा पट्टा. इथल्या शेतात वाढलेला पोऱ्या सोयाबीन खात नाही, कारण त्यात ‘बायकांचे हार्मोन’ असते असे कुणीतरी त्याला सांगितलेले असते. पुरुषांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तर सोयाबीनमुळे टेस्टोस्टेरॉन घटत नाही असेच दिसते. ज्या भीतीने तो चाळीस टक्क्यांच्या घरात प्रथिने असलेले घरचे दाणे टाळतो, तीच गोष्ट पैसे मोजून कमरेत टोचून घेतो.

वय कमी असेल तर आणखी एक फटका बसतो. वाढीच्या वयात हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चा हार्मोनच्या माऱ्याने वेळेआधी बंद होतात आणि उंची खुंटते. वऱ्हाडात अनेक पोरे जिमची पायरी चढतात ती पोलीस भरतीसाठी. भरतीत पुरुषाला उंची 165 सेंटिमीटर लागते. छाती न फुगवता 79, फुगवून पाच अधिक. मैदानी चाचणीत 1600 मीटर धावणे, 100 मीटर धावणे आणि गोळाफेक. यातल्या कशालाही अठरा इंची दंड लागत नाही. फुगवलेले वजन घेऊन 1600 मीटर धावायचे म्हणजे उलट ओझेच.

सगळ्यांत वाईट हाल हृदयाचे होतात, आणि ते आरशात दिसत नाहीत. चांगले कोलेस्टेरॉन कोसळते, रक्त दाट होते, रक्तदाब वाढतो, हृदयाच्या भिंती जाड होतात. अमेरिकेत 140 अनुभवी वेटलिफ्टर तपासले गेले. त्यांतल्या 86 जणांनी स्टेरॉइड वापरले होते. हृदय एका ठोक्याला डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर ढकलते, हे पाहिले. न वापरणाऱ्यांत सरासरी 63, वापरणाऱ्यांत 52. औषध सोडलेल्यांचे आकडे चालू ठेवलेल्यांपेक्षा बरे होते, पण रक्तवाहिन्यांत साचलेला थर तसा मागे फिरत नाही. डेन्मार्कमध्ये जिममधल्या चाचणीत स्टेरॉइड सापडलेल्या 1189 पुरुषांचा माग सरासरी अकरा वर्षे ठेवला. त्यांच्यातला मृत्यूदर त्याच वयाच्या इतर पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट निघाला. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी यकृताला होणारी इजा वेगळीच. कावीळ झाली की पोरगा आधी झाडपाल्याकडे धावतो, कारण डॉक्टर विचारील म्हणून.

बाटलीवर जे लिहिले आहे तेच आत असते याचीही खात्री नाही. चोरवाटेने येणारा माल कधी कमी ताकदीचा असतो, कधी भलत्याच औषधाचा, कधी निर्जंतुक न केलेल्या तेलाचा. बोल्डेनोन तर घोड्यांसाठी बनवलेले. एक कुपी चार जणांत वापरली, सुई बदलली नाही, की गळू होऊ शकते, आणि हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही या वाटाही उघडतात. अलीकडे महाराष्ट्रात मेफेन्टरमिनच्या बेकायदा साठ्यांवर धाडी पडतात, त्या याच धंद्यातल्या. ते हार्मोनच नव्हे. भूल देताना घसरलेला रक्तदाब सावरायचे ते इंजेक्शन, जिममध्ये ‘पंप’, म्हणजे स्नायूंचा तात्पुरता फुगवटा, यावा म्हणून घेतले जाते. काही जण मधुमेह नसताना इन्सुलिन टोचून घेतात. त्यात साखर इतकी उतरू शकते की माणूस झोपेतच जातो. मुलींच्या बाबतीत सांगायचे तर स्टेरॉइडने घोगरा झालेला आवाज औषध सोडल्यावरही बहुधा परत येत नाही.

आणि सोडणे? तेच कठीण. सायकल संपली की बाहेरचे हार्मोन गेलेले असते आणि आतला कारखाना अजून बंद असतो. दंड उतरतो, इच्छा मरते, झोप उडते, मन खचते. काही महिन्यांत गाडी रुळावर येते, काहींना वर्ष-दोन वर्षे लागतात, काहींची येत नाही. या खड्ड्यात पडलेला पोरगा दोनच गोष्टी करतो: गप्प बसतो किंवा पुढची सायकल सुरू करतो. व्यसन म्हणतात ते दारूसारखे झिंग आणून नाही, असे पकडते. जिममधले ‘पीसीटी’ म्हणजे टॅमॉक्सिफेन, क्लोमिफेन वगैरे गोळ्यांचा सायकलीनंतरचा घरगुती डोस. ही औषधे डॉक्टरच्या हातात उपयोगी पडतात. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या तक्त्याच्या हातात नाही.

दोष एकट्या पोरांचा नाही. टेस्टोस्टेरॉन आणि नॅन्ड्रोलोन शेड्यूल एच मधली औषधे आहेत, चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदा आहे, आणि तरी ती मिळतात. ट्रेनरला दुकानाचे कमिशन मिळत असेल तर त्याच्या सल्ल्याला किती किंमत द्यायची, हे पालकांनी फी भरतानाच विचारावे.

घरात असा कुणी असेल तर आधी रागावू नका, घरात बाटल्या शोधत फिरू नका. त्याला सोबत घेऊन मेडिसिनच्या किंवा हार्मोनच्या डॉक्टरकडे जा. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयात सुरुवात करता येते. रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि रक्ताचा दाटपणा, लिपिड, यकृत, एलएच, एफएसएच, टेस्टोस्टेरॉन, लागले तर वीर्यतपासणी आणि हृदयाचा इको, एवढ्या तपासण्यांत बरेचसे चित्र स्पष्ट होते. स्वतःसाठी घेतले म्हणून डॉक्टर पोलिसांना कळवत नाही. काय घेतले, किती घेतले, कधीपासून घेतले ते खरे सांगा, आणि रिकामी कुपी बरोबर न्या.