ऊन पाण्याचा गुण आणि केळीची बाग

पाणी ऊन केलें म्हणजे त्यांत कोणताहि पदार्थ अधिक विरघळतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. चहांत साखर चटकन् विरते, थंड सरबतांत ती तळाशीं बसते. एवढ्या अनुभवावरून आपण नियम बांधतों आणि तो सर्व पदार्थांस लावून मोकळे होतों. परंतु निसर्ग इतका एकमार्गी नाहीं. ही गोष्ट स्वयंपाकघरापुरतीच असती तर तिजवर लेख लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. पण खानदेशांत, विशेषतः रावेर, यावल, चोपडें या केळीच्या पट्ट्यांत, या नियमाच्या ज्ञानावर घरचें पीक आणि पैसा अवलंबून असतो. म्हणून तो वाचकांपुढें थोडा विस्तारानें मांडीत आहों.

लवकर विरघळणें आणि अधिक विरघळणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. ढवळल्यानें पदार्थ लवकर विरघळतो, अधिक नव्हे. ठराविक उष्णमानाच्या पाण्यांत एखादा पदार्थ अमुकच मावतो. तेवढा मावला म्हणजे तो द्राव संपृक्त झाला असें म्हणतात. २० अंश सेंटिग्रेड उष्णमानाच्या १०० भाग पाण्यांत वजनानें सुमारें २०० भाग साखर मावते. उकळत्या पाण्यांत हाच आंकडा ४८० च्या वर जातो. म्हणूनच कढत असतां निर्मळ दिसणारा घट्ट पाक निवल्यावर साखरतो. निवलेल्या पाण्यांत न मावणारी साखर स्फटिकरूपानें बाहेर पडते. सुधारसांत लिंबू पिळण्याची आपल्या घरांतील रीत केवळ रुचीची नाहीं. आंबटाच्या योगानें साखरेचा कांहीं अंश दुसऱ्या दोन साखरांत पालटतो आणि स्फटिक जमण्यास अडथळा होतो.

मिठाची तऱ्हा वेगळी. ० अंशाच्या १०० भाग पाण्यांत तें सुमारें ३६ भाग मावतें, आणि उकळत्या पाण्यांत अवघें ३९. लोणच्यासाठीं मिठाचें पाणी उकळून घेण्यांत शुद्धतेचा लाभ आहे, अधिक मीठ मुरविण्याचा नाहीं. मिठागरांत मीठ पाणी निववून नव्हे, आटवून काढतात, त्याचेंहि कारण हेंच. चुना तर सर्वस्वी उलट वागतो. थंड पाण्यांत जेवढा चुना विरतो, त्याच्या निम्म्याहूनहि कमी उकळत्या पाण्यांत राहतो.

असें कां व्हावें? बहुतेक क्षार विरघळतांना भोंवतालची उष्णता शोषून घेतात. त्यांस बाहेरून उष्णता मिळाली कीं ते अधिक विरघळतात. चुना विरघळतांना उष्णता बाहेर टाकतो, म्हणून पाणी तापविलें कीं त्याची गति उलटी होते. मीठ या दोहोंमध्यें जवळजवळ तटस्थ आहे.

उष्णता शोषणाऱ्या क्षारांत सोरा अग्रगण्य होय. अकबराच्या काळीं सोऱ्याच्या योगानें पिण्याचें पाणी थंड करीत, असें आईन-ए-अकबरींत नमूद आहे. हाच सोरा शुद्ध स्वरूपांत आज खानदेशच्या शेतांत ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस’ या नांवाच्या पिशवींतून येतो. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत जळगांव जिल्ह्यांत ठिबक सिंचन रुजलें. २०१६ सालीं जळगांवच्या केळीस भौगोलिक मानांकनहि लाभलें. आतां खत मातींत पसरण्याऐवजीं टाकींत विरघळवून नळ्यांतून झाडाच्या मुळाशीं पोंचवितात. आणि येथेंच उष्णमानाचा प्रश्न उभा राहतो.

२० अंशाच्या १०० भाग पाण्यांत सोरा सुमारें ३१ भाग मावतो. १० अंशाच्या पाण्यांत सुमारें २१ भागच. समजा, १०० लिटर पाण्यांत २५ किलो खत दुपारीं पूर्ण विरघळविलें आणि टाकी रात्रभर तशीच ठेविली. पौषांतल्या पहाटे पाणी १० अंशांवर आलें, तर त्यांतील सुमारें ४ किलो खत तळाशीं स्फटिक होऊन बसेल. धुळ्याकडे पारा याहूनहि खालीं उतरतो. शिवाय खत विरघळतांना स्वतःच पाणी गार करतें, त्यामुळें मुळांतच तें पुरतें विरत नाहीं. मग शेतकरी तो साका पाहून खतांत भेसळ असल्याचें समजतो आणि चांगला माल फेकून देतो. अथवा स्फटिक गाळणींत आणि ड्रिपरमध्यें अडकून कांहीं झाडें उपाशी राहतात.

याची परीक्षा सोपी आहे. चमचाभर साका कपभर कोमट पाण्यांत टाकून ढवळावा. पूर्ण विरघळला तर तें खतच समजावें. न विरघळल्यास मग भेसळीचा, किंवा दोन न जुळणारीं खतें एकत्र केल्याचा संशय घ्यावा. कारण कॅल्शियम नायट्रेट आणि ‘बारा-एकसष्ट’ एकाच टाकींत घातल्यास जो पांढरा गाळ धरतो, तो ऊन पाण्यानेंहि विरत नाहीं. थंडीच्या दिवसांत विहिरीचें ताजें उपसलेलें पाणी घ्यावें, खत थोडें थोडें घालावें, मात्रा पातळ ठेवावी आणि द्राव त्याच दिवशीं संपवावा. सोरा हा बंदुकीच्या दारूचा घटक आहे. म्हणून पिशवी विस्तवापासून दूर असावी आणि टाकीखालीं जाळ करण्याचा मोह टाळावा.

उन्हाळ्यांत मात्र तीच नळी दुसऱ्या कारणानें तुंबते. विहिरीच्या जड पाण्यांत चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. वैशाखांत जळगांवचें ऊन ४५ अंशांपर्यंत चढतें आणि उघड्या काळ्या नळ्यांत सांचलेलें पाणी चांगलेंच तापतें. तेव्हां पाण्यांतील कर्बवायु निघून जातो, क्षाराचें रूप पालटतें आणि न विरघळणारा पांढरा थर ड्रिपरच्या छिद्रांत बसतो. घरच्या बंबांत जमणारें कीट तें हेंच. येथें नुसत्या विद्राव्यतेचा नव्हे, रासायनिक पालटाचाहि भाग आहे. म्हणून हा थर कोमट पाण्यानें जात नाहीं, त्यास सौम्य आम्लच लागतें, आणि तें जाणकाराच्या सल्ल्यानेंच सोडावें.

थोडक्यांत, हिवाळ्यांत थंडीनें खत बसतें आणि उन्हाळ्यांत उष्णतेनें चुना बसतो. दिसण्यांत दोन्ही पांढरे. उपाय मात्र भिन्न. पाक कां साखरतो आणि बंबांत कीट कां धरतें, हें घरांतील वडील स्त्रियांस रोजच्या कामांतून ठाऊक असतें. शेतावरील खताची टाकी भरतांना पुरुषांनीं त्यांचा सल्ला घेतल्यास कांहीं कमीपणा येणार नाहीं. उलट चार पैसे आणि चार घड खचित वांचतील.