हेरणाऱ्याची नजर कुठे पडते?

श्रीरामपूरला रेल्वेने जायचं तर तिकीट बेलापूरचं काढावं लागतं. दौंड–मनमाड मार्गावरचं ते स्टेशन उभं आहे श्रीरामपूर शहरात, पाटीवर नाव मात्र प्रवरेकाठच्या जुन्या बेलापूर गावाचं. नवखा प्रवासी इथे हमखास गोंधळतो. ऊस, साखर आणि हरेगावचा ब्रिटिश अमदानीतला कारखाना ही या टापूची जुनी ओळख. ऑक्टोबर २००० मध्ये तिच्यात एका डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाची भर पडली. श्रीरामपूरचा झहीर खान त्या महिन्यात नैरोबीला भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला.

झहीरचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८चा. वडील छायाचित्रकार, आई शिक्षिका. मुलगा इंजिनिअर होणार हे जवळपास ठरलेलं होतं. तो सतरा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला मुंबईला नेलं आणि पुढचं सगळं बदललं. ही गोष्ट नगर जिल्ह्यात एवढ्यांदा सांगून झाली आहे, की तिच्यातला एक तपशील कुणाच्या लक्षातच येत नाही. या मुलाला ज्यांनी ज्यांनी हेरलं, त्यांच्यातला प्रत्येक जण जिल्ह्याबाहेर बसलेला होता.

मुंबईत तो नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये गेला. तिथे सुधीर नाईक होते. १९७०-७१ साली मुंबईचे बडे खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असताना उरलेल्या संघाला रणजी करंडक जिंकून देणारे ते कर्णधार. मैदानावर पोरं पारखण्यात त्यांची हयात गेली होती. मग मद्रासहून टी. ए. शेखर यांची नजर पडली. शेखर स्वतः वेगवान गोलंदाज, १९८३ साली भारताकडून दोन कसोटी खेळलेले. एमआरएफने १९८७ साली डेनिस लिलीला आणून सुरू केलेल्या पेस फाउंडेशनचे ते प्रशिक्षक होते. झहीर मद्रासला गेला, तिथे घडला, नंतर बडोद्याकडून रणजी खेळला. २०००-०१च्या मोसमात बडोद्याने रेल्वेला हरवून करंडक जिंकला, त्या अंतिम सामन्यातही त्याचा मोठा वाटा होता. बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या पहिल्या तुकडीतही तो होता. मुंबई, मद्रास, बडोदा, बंगळुरू. या यादीत श्रीरामपूर फक्त जन्मगाव म्हणून येतं.

त्याच पेस फाउंडेशनची दुसरी एक हकिगत क्रिकेटवेडे चवीने सांगतात. १९८७ साली वांद्र्याचा एक शाळकरी मुलगा वेगवान गोलंदाज व्हायला तिथे गेला होता. लिलीने त्याला पाहिलं आणि फलंदाजीकडेच लक्ष दे असं सुचवलं. सचिन तेंडुलकर परत आला. हेरणाऱ्याला कधी कधी नाहीही म्हणावं लागतं, आणि ते वेळेवर म्हणावं लागतं.

हेरण्याच्या या धंद्याचा सर्वांत मोठा बाजार भरतो अमेरिकेत, शाळकरी बास्केटबॉलमध्ये. जून उजाडला, शाळांना सुट्ट्या लागल्या की तिथे ‘टीम कॅम्प’ सुरू होतात. एखाद्या विद्यापीठाच्या आवारात आसपासच्या शाळा आपापला अख्खा संघ घेऊन येतात. दोन-तीन दिवस मुक्काम, वसतिगृहातलं जेवण, एकाच छताखाली आखलेली तीन-चार कोर्ट आणि सगळीकडे एकदम चाललेले सामने. बाजूला घडीच्या खुर्च्यांवर विद्यापीठांचे प्रशिक्षक बसलेले. त्यांच्या टी-शर्टावर विद्यापीठाचं बोधचिन्ह ठसठशीत दिसेल असं असतं, कारण कोण कोण बघायला आलंय हे पोरांनाही कळायला हवं असतं. निकालाचं तिथे कुणाला फारसं काही नसतं. शाळेचे प्रशिक्षक नव्या मुलांना आजमावतात आणि बाहेरून आलेले त्यांच्यातून उद्याची शिष्यवृत्ती कुणाला द्यायची याचा अंदाज घेतात.

बघतात तरी काय? बास्केटमध्ये पडलेले चेंडू तर गुणफलकावरच दिसतात, त्यासाठी विमानाचं तिकीट काढून यायची गरज नसते. मुरलेला माणूस चेंडू नसलेल्या पोराकडे बघतो. तो बचावाला धावत परततो की चालत? हातून चेंडू निसटल्यावर पंचाकडे बघतो, साथीदारावर डाफरतो, की लगेच मागे पळतो? प्रशिक्षकाने बाहेर काढलं की बाकावर कसा बसतो? शरीराची मोजणी वेगळीच. उंचीबरोबर दोन्ही हात पसरल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत किती भरतात हे पाहतात, बुटाचा नंबर पाहतात. प्रेक्षकांत आईवडील बसले असतील तर त्यांच्या उंचीवरही नजर जाते. पंधरा वर्षांचा मुलगा आज किती उंच आहे यापेक्षा तो आणखी किती वाढेल, यावर पैसे लागलेले असतात.

एका मुलाने सगळ्यांचाच अंदाज चुकवला होता. १९७८ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलने मोठ्या संघात त्याच्या वर्गातला एकच मुलगा घेतला, तो साडेसहा फुटांहून उंच लेरॉय स्मिथ. पावणेसहा फुटांच्या आसपास असलेला मायकेल जॉर्डन ज्युनिअर संघात राहिला. पुढे तो वाढला, पण त्याला शहराबाहेर कुणी ओळखत नव्हतं. १९८०च्या उन्हाळ्यात तो पिट्सबर्गच्या ‘फाइव्ह-स्टार’ शिबिरात गेला. हॉवर्ड गारफिंकेल यांनी १९६६ साली सुरू केलेलं हे शिबिर तेव्हा देशभरच्या प्रशिक्षकांचा अड्डा होतं. शिबिर संपलं तेव्हा जॉर्डनचं नाव देशभरच्या वह्यांत चढलेलं होतं.

उलटंही घडतं. २००१ साली न्यू जर्सीतल्या एबीसीडी शिबिरात शाळकरी खेळाडूंच्या यादीत अव्वल मानला जाणारा लेनी कुक आणि ओहायोहून आलेला त्याच्याहून धाकटा लेब्रॉन जेम्स समोरासमोर आले. लेब्रॉनने शेवटच्या क्षणी बास्केट करून सामना घेतला. दोन वर्षांनी एनबीए या व्यावसायिक लीगच्या निवडीत त्याला पहिल्या क्रमांकावर निवडलं गेलं. कुकला २००२च्या निवडीत कुणीच घेतलं नाही आणि एनबीएत तो एकही सामना खेळला नाही. यादी करणारे तेच, कोर्ट तेच, खुर्च्याही त्याच.

भारतातला बास्केटबॉल या बाजाराला एकदा थेट भिडला. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनामसिंग भामरा लुधियानाच्या अकादमीत वाढला, २०१० साली चौदाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातल्या अकादमीत गेला आणि २०१५ साली डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२व्या क्रमांकावर निवडलं. सात फुटांवर उंची असलेल्या या मुलाला एनबीएचा प्रत्यक्ष सामना काही खेळायला मिळाला नाही. तरी खेड्यातलं उंच पोर ते अमेरिकन निवडयादी हा रस्ता अस्तित्वात आहे एवढं त्याच्यामुळे कळलं. आपल्याकडे या खेळाचं जुनं घर म्हणजे मुंबईचं नागपाडा. अमेरिकन मिशनऱ्यांनी १९२७ साली काढलेल्या नेबरहूड हाउसच्या आसपास गल्लीबोळातली पोरं हा खेळ शिकली. भारताचा कर्णधार झालेले आणि अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुन्तसीर तिथलेच. नागपाड्यात हेरणाऱ्याला कुठे जावं लागत नसे. तो त्याच गल्लीत राहायचा, पोराच्या थोरल्या भावालाही त्यानेच शिकवलेलं असायचं.

बेलापूरसारख्या गावाला असं शेजारपण मिळत नाही, म्हणून सरकारने चाचण्या काढल्या. महाराष्ट्रात १९९६ साली क्रीडा प्रबोधिनी सुरू झाली. ८ ते १४ वर्षांच्या मुलामुलींना निवडायचं, निवासी ठेवायचं, शाळा आणि खेळ दोन्ही सांभाळायचं, अशी ही योजना. निवडीच्या मूळ चाचण्यांत कुठलाच खेळ खेळवत नसत. उंची, वजन, बसून पुढे वाकणं, जागेवरून लांब उडी, जागेवरून उंच उडी, मेडिसिन बॉल फेकणं, तीस मीटर धावणं, आठशे मीटर धावणं आणि सहा गुणिले दहा मीटरची ये-जा. ही ये-जा बघण्यासारखी असते. फक्कीच्या दोन रेघा, मध्ये दहा मीटर. जोरात धावणारं पोर रेघेपाशी थांबताना घसरतं, वळताना दोन पावलं जास्त टाकतं आणि तिथेच सेकंद गमावतं. त्याच्यापेक्षा हळू धावणारी एखादी मुलगी रेघेच्या अलीकडेच कंबर खाली घेते, एका पायावर गर्रकन वळते आणि पुढे निघून जाते. वीस वर्षं मैदानावर काढलेले पीटीचे सर घड्याळ बघायच्या आधीच मान डोलावतात.

चाचणीचा फायदा असा, की तिला ओळखपाळख कळत नाही. तोटा असा, की तिला जिद्दही कळत नाही. पोराला हरायचं वावडं आहे की नाही, हे मेडिसिन बॉल किती लांब पडला त्यावरून समजत नाही.

त्यामुळे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागासाठी सर्वांत पारखी संस्था कदाचित लष्करच ठरलं आहे. तिथे पोरं आपणहून येतात, त्यांना वेळ आणि खुराक मिळतो आणि मोजमाप रोजचंच असतं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ हा दुष्काळी भागातला मुलगा २०१२ साली भरती झाला. त्याला पाण्याची भीती वाटायची. प्रशिक्षकाने त्याची उंची पाहिली आणि त्याला नौकेत बसवलं. २०१६ साली तो रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा आला, २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात सुवर्ण घेऊन आला. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेची गोष्टही अशीच. तो सियाचीनला पहारा देऊन आला, लष्करी क्रॉसकंट्रीत धावला, तिथे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळवलं. २०१८ साली त्याने गोपाल सैनींचा ३७ वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला, २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं. दोघांनाही आपला खेळ शाळेत भेटला नव्हता.

वयाचा घोळ हा या सगळ्यातला जुनाट रोग. बैलबाजारात गिऱ्हाईक दात बघतं, तसं क्रिकेट मंडळ १६ वर्षांखालच्या पोरांच्या मनगटाचा एक्स-रे काढतं. हाडांची वाढ पाहून वयाचा अंदाज बांधायची ही पद्धत ‘टीडब्ल्यू ३’ नावाने ओळखली जाते. पण जन्मदाखला खरा असला तरी एक अन्याय उरतोच. १९८५ साली रॉजर बार्न्सली या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा मांडल्या, तर वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची भाऊगर्दी निघाली. वयोगटाची रेघ १ जानेवारीला असल्याने जानेवारीतलं पोर डिसेंबरातल्या पोरापेक्षा जवळपास वर्षाने थोराड असतं. तेच निवडलं जातं, त्यालाच जास्त सराव मिळतो आणि पुढे तेच सरस ठरतं. तालुक्याच्या १४ वर्षांखालच्या कबड्डीत मिसरूड फुटलेले चढाईपटू कुणी पाहिले नाहीत? त्यांतले सगळेच खोटारडे नसतात. काही नुसते लवकर वाढलेले असतात आणि पुढे दोन वर्षांत बाकीचे त्यांना गाठतात.

पोरांनी शहराकडे जाण्याऐवजी हेरणाऱ्यांनी पोरांकडे जायचं, असा उलट दिशेचा प्रवास क्रिकेट मंडळानेही एकदा करून पाहिला होता. २००२ साली पत्रकार मकरंद वायंगणकर यांच्या कल्पनेतून गुणवत्ता हेरणारा विभाग उभा राहिला, दिलीप वेंगसरकर त्याचे प्रमुख झाले. माजी खेळाडूंनी छोट्या केंद्रांवर जायचं, कनिष्ठ सामने बघायचे आणि अहवाल लिहायचे. बंगालचे माजी कर्णधार प्रकाश पोद्दार यांनी जमशेदपूरला झारखंडचा एक यष्टिरक्षक पाहिला. योजनेची वयोमर्यादा १९ होती आणि हा गडी २१चा. तरी त्यांनी त्याचं नाव लिहिलं आणि वेंगसरकरांनी ते उचलून धरलं. तो महेंद्रसिंग धोनी. अशीच गोष्ट वेगवान गोलंदाज जसप्रीत बुमराहची. पाठ्यपुस्तकी प्रशिक्षकाने ज्याची शैली बदलायला घेतली असती, असा हा पोरगा जॉन राइट यांनी गुजरातच्या टी-ट्वेंटी सामन्यात पाहिला आणि २०१३ साली तो मुंबई इंडियन्सकडे आला.

२ एप्रिल २०११च्या वानखेडेवरच्या विश्वचषक अंतिम सामन्यात यांतले दोन धागे एकत्र आले होते. यष्टीमागे धोनी होता. झहीरने सुरुवातीची पाच षटकं टाकली, त्यांतली तीन निर्धाव, धावा सहा आणि एक बळी. त्या स्पर्धेत त्याने एकूण २१ बळी घेतले. आणि ती खेळपट्टी तयार केली होती सुधीर नाईक यांनी.

नगर जिल्ह्यातल्या पोरांसाठी व्यवस्था आजही मुख्यतः जाण्याचीच आहे. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेला अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला, प्रवीण आमरेंकडे शिकला. जे कुटुंब मुंबई-पुण्याला हलू शकत नाही त्याच्या वाट्याला शालेय स्पर्धांची उतरंड येते: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. पावसाळ्यात ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या मैदानावर तालुक्याचे सामने उरकले जातात. बाद पद्धतीत बहुतेक शाळा पहिल्याच सामन्यात घरी जातात. तिथे पोरगी कितीही चपळ असो, तिला पाहणारे असतात पंच, दोन्ही शाळांचे क्रीडाशिक्षक आणि फार तर टेम्पोचा चालक. दहावीचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण यांमुळे प्रमाणपत्राला मोल आलंय, म्हणून निकालपत्रकं काळजीने भरली जातात. पण निकालपत्रकात जिंकलेल्या संघाची नावं असतात. हरलेल्या संघातून कुणाला पुन्हा बोलवायचं, यासाठी त्यात रकानाच नसतो.

अमेरिकन टीम कॅम्पची चैन आपल्याला परवडणार नाही हे खरं. त्यातली एक गोष्ट मात्र जवळपास फुकट आहे: तिथे हरलेल्या संघालाही दिवसभरात आणखी तीन सामने मिळतात. तालुक्याच्या स्पर्धेत बाद पद्धतीऐवजी साखळी ठेवली आणि जिल्ह्याचा एक प्रशिक्षक दोन दिवस वही घेऊन बसवला, तर खर्च होतो त्याच्या एसटीच्या तिकिटाचा, भत्त्याचा आणि पोरांच्या दोन वेळच्या जेवणाचा.