चकचकीत म्हणजे मूळचं नव्हे

समजा, १९२५ सालची रोल्स-रॉइस दुरुस्तीला आलीय. हेडलाइटच्या कडा निळसर चकाकतायत. इथेच शंका घ्यायची. मोटारींवर क्रोमचा मुलामा रुळला तो १९२० च्या दशकाच्या अखेरीस; त्याआधी असायचं किंचित पिवळसर झाक असलेलं निकेल. म्हणजे हा क्रोम नंतरचा.

बिल्ल्याचंही तसंच. 'आरआर' ही लाल अक्षरं १९३३ च्या सुमारास काळी झाली. या गाडीवर काळी दिसली, तर बिल्ला बहुधा बदललेला.

म्हणून आधी फोटो, मोजमाप, नोंद, पॉलिश शेवटी. घासताना डागाबरोबर वरचा धातूही जातो आणि त्याच्यासोबत पुरावाही. तुमचा कच्चा डेटाही असाच असतो. साफ करायला घेण्याआधी मूळ प्रत जपून ठेवा.