आकाशाचा रोजनामा

लंडनच्या उत्तरेस हॅम्पस्टेड या नावाची उंचवट्यावरची एक वस्ती आहे. पत्नीची प्रकृती तोळामासा, शहरातील धुरकट हवा तिला सोसवत नाही, म्हणून जॉन कॉन्स्टेबल हा इंग्रज चित्रकार १८१९ पासून उन्हाळ्यात तेथे बिऱ्हाड करू लागला. आणि पुढे १८२१ व १८२२ या दोन वर्षांत, तेथील उघड्या माळावर बसून, त्याने आकाशाची अशी कितीतरी लहान चित्रे काढली की ज्यांपैकी पुष्कळांत घर नाही, माणूस नाही, क्षितिजाची रेघदेखील नाही. वारा ढगांना पुढे ढकलीत असताना कागदावर तैलरंगांत झपाट्याने उरकलेली ही चित्रे उलटून पाहिली, म्हणजे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, ऊन कसे होते, अशा त्याच्या हातच्या नोंदी अनेकांच्या पाठीवर आढळतात. एखाद्या इमानी कारकुनाने दप्तराचा रोजनामा लिहावा, तशा तत्परतेने त्याने आकाशाची दखल घेतली आहे; आणि निसर्गापासून कलावंताला स्फूर्ती कशी मिळते, या प्रश्नाचे जितके स्पष्ट उत्तर या कोरड्या टिपणांत आहे, तितके सौंदर्याच्या भारावलेल्या वर्णनांत सहसा सापडत नाही.

कॉन्स्टेबलचे वडील सफोक परगण्यातील गिरणीवाले. वाऱ्याचा रोख आणि ढगाची चाल ओळखणे हा त्या घरात उपजीविकेचा भाग होता, आणि तरुणपणी वडिलांच्या पवनचक्कीवर काम करताना कॉन्स्टेबलने ती विद्या आत्मसात केली होती. १८०२ मध्ये ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या रसायन-व्यावसायिकाने ढगांचे वर्गीकरण मांडले. ज्यांना आपण आज राशिमेघ, स्तरमेघ, तंतुमेघ म्हणतो, ती नावे त्याच वर्गीकरणावरून आलेली आहेत. हे वर्गीकरण विशद करणारा, वातावरणशास्त्रावरचा थॉमस फॉर्स्टरचा ग्रंथ कॉन्स्टेबलच्या संग्रही होता आणि त्याच्या समासात टिपणे लिहीत त्याने तो अभ्यासिला होता.

या अभ्यासाचा चित्राला उपयोग काय, हे राशिमेघाकडे क्षणभर निरखून पाहिले असता कळते. त्याचा माथा कापूस पिंजल्यागत फुगलेला, परंतु तळ मात्र सपाट असतो. जमिनीवरून वर चढणारी ऊबदार हवा थंड होत होत एका विशिष्ट उंचीवर पोहोचली, की तिच्यातील बाष्पाचे जलकण बनू लागतात. आणि आसपासच्या सर्व ढगांना ती उंची जवळजवळ सारखीच असल्यामुळे त्यांचे तळ एकाच पातळीत राहून क्षितिजाकडे दाट होत गेलेले दिसतात. हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या चित्रातील आकाशाला खोली येते, ढगाखालची सावली शेतावर नेमकी कोठे पडेल हे त्याला उमगते, आणि भूमीवरचा सारा प्रकाश वरूनच येत असल्याने आकाश खरे उतरले की कुरणे, ओढे आणि झाडेही खरी उतरतात. ‘द हे वेन’ हे त्याचे विख्यात चित्र १८२१ चेच. १८२४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले. १८३६ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान देताना, चित्रकला हे शास्त्र आहे आणि निसर्गनियमांचा शोध म्हणूनच तिची उपासना व्हावी, असे त्याने निःसंदिग्धपणे प्रतिपादिले.

छायाचित्रकाराला हे सारे यंत्रच करून देते, असा एक समज आहे. अँसल अ‍ॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराच्या एका दुपारच्या हकिगतीने तो दूर व्हावा. कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या दरीत तो प्रथम १९१६ मध्ये, चौदाव्या वर्षी, आला होता आणि नंतर वारंवार येत राहिला होता. १० एप्रिल १९२७ रोजी जड कॅमेरा व काचेच्या पट्ट्या पाठीवर घेऊन, बर्फ तुडवीत तो हाफ डोम या प्रचंड ग्रॅनाइटच्या कड्यासमोर पोहोचला, तेव्हा त्याच्याजवळ दोनच पट्ट्या शिल्लक होत्या. पहिली त्याने पिवळी काच लावून वापरली आणि लगेच त्याच्या ध्यानात आले की हिच्यात कडा उमटेल, पण त्या कड्याने मनावर घातलेला दरारा उमटणार नाही. तेव्हा शेवटच्या पट्टीसाठी त्याने गडद तांबडी काच चढविली. तांबडी काच निळा प्रकाश अडविते. त्यामुळे आकाश जवळजवळ काळे झाले आणि त्या काळोखासमोर उन्हाने उजळलेला पाषाण उभा राहिला. भावना आधी जागी झाली हे खरे. परंतु प्रकाशाचे नियम अंगवळणी पडलेले नसते, तर ती त्या कड्यापाशीच विरून गेली असती. पुढे सिएरा नेवाडा पर्वतराजीवरील त्याच्या छायाचित्रांचा १९४० मध्ये किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान स्थापन होण्यास हातभार लागला.

आपल्याकडे कोल्हापूरचे आबालाल रहिमान याच मार्गाचे साधक. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये रीतसर शिक्षण घेतल्यावर ते कोल्हापुरात परतले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला, आणि १९३१ मध्ये देह ठेवीपर्यंत कोटितीर्थ, रंकाळा अशा घराजवळच्या स्थळांतच त्यांच्या कुंचल्याला विषय सापडत राहिले. पाणी तेच, काठ तोच. प्रहर मात्र निराळा, आणि प्रहर पालटला की रंगांची सारी व्यवस्था पालटते, हे त्यांनी ओळखले होते.

वाचकालाही या मार्गाला लागण्यास कसली मुभा मागावयाची नाही. वैशाखातील दुपारी देशावरचे राशिमेघ तासा-दोन तासांत चढत जाऊन त्यांचे गर्जन्मेघ होतात आणि वळीव कोसळतो, हा पालट गच्चीवरूनही पाहता येतो. आकाशाचा एकच तुकडा व एकच वेळ ठरवावी. रंग किंवा कॅमेरा, जे हाताशी असेल ते घ्यावे. आणि प्रत्येक चित्रापाशी तारीख, वेळ व वारा लिहून ठेवावा. दिवस जातील तसे, काल जो ढग नुसता पांढरा दिसला त्याच्या तळाशी आज जांभळी छटा दिसू लागते; ती कोठून आली हा प्रश्न मनात उभा राहतो; आणि अशा प्रश्नांतूनच पुढच्या चित्राची निकड निर्माण होते. स्फूर्ती म्हणतात ती हीच, आणि नित्याच्या निरीक्षणाने ती कोणालाही संपादन करता येते, अशी माझी दृढ श्रद्धा आहे.