शाळेसाठीही चार सऱ्या सोडून पाहा



लागण, खोडवा, खत आणि पाणी यांवर लिहिणारा तुमचा ऊस विकास अधिकारी या अंकात शाळेवर का लिहितो आहे, असे तुम्हांला वाटेल. कारण सांगतो.

माझ्या गावच्या प्राथमिक शाळेसाठी सभासदांनी यंदा वर्गणी काढली. ऊसबिल हाती पडल्यावर ज्याने त्याने जमेल तेवढे दिले. पैसे जमले आणि वाद सुरू झाला. काहींचे म्हणणे, भिंतीवर मोठा पडदा आणि चार संगणक घ्यावेत, शेजारच्या गावाने घेतलेत. काहींना इंग्रजीचा जादा वर्ग हवा होता. एक म्हातारबाबा एवढेच बोलले, "माझा नातू चौथीत हाय, पन त्याला पेपरातली एक वळ वाचता येत न्हाई. त्याचं काय ते बघा." सभा घटकाभर गप्प झाली आणि पुन्हा पडद्याकडे वळली. मी पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. मला विचारले, तर मलाही धड उत्तर देता आले नाही.

घरी येताना माझी एक जुनी चूक आठवली. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या द्रवरूप खताची मी गटात शिफारस केली होती. बऱ्याच शेतकऱ्यांनी पदरचे पैसे घालून फवारणी केली. ऊस चांगला आला, सगळे खूश. मग एकाने विचारले, "सायेब, यंदा पाऊसच चांगला हुता. न फवारलेला ऊस कुठं हाय त्यो दावा की." कोणीच चार सऱ्या न फवारता सोडल्या नव्हत्या, कारण मी सांगितलेच नव्हते. कृषी पदविकेत पहिल्याच वर्षी शिकलेली गोष्ट मी विसरलो होतो. त्या खताने फायदा झाला की पावसाने, हे मला आजही सांगता येत नाही.

सभेनंतर काही दिवसांनी खारघरला भाचीकडे जाण्याचा योग आला. खारघर हे पनवेल महापालिकेतले, सिडकोने वसवलेले शहर. आमच्या भावकीतले एक गृहस्थ तिथल्या टाटा स्मारकच्या कर्करोग केंद्रात तपासणीसाठी गेले होते, मी सोबतीला. त्या केंद्रात उपचाराबरोबर संशोधनही चालते. नव्या औषधाची कसोटी घ्यायची तर काही रोग्यांना नवे औषध, काहींना नेहमीचे, आणि मग दोन्ही गटांची तुलना, अशी वैद्यकाची रीत आहे.

भाची शिक्षिका आहे. रात्री जेवताना मी शाळेचा वाद सांगितला आणि म्हणालो, "औषधाला कसोटी आहे, उसाला आहे. शाळेचं मात्र ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं."

ती हसली. "तसं नाही मामा. पाडेगावला तुमच्या उसाचं जे होतं, ते शाळेच्या शिकवण्याचं मानखुर्दला होतं. इथून हार्बरची लोकल धरून खाडी ओलांडली की मानखुर्दच."

ती होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राबद्दल बोलत होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ते 1974 साली सुरू केले. आज ती संस्था अभिमत विद्यापीठ आहे आणि या केंद्रात विज्ञान शिक्षणात पीएच.डी. करता येते. पण सुरुवातीची वर्षे केंद्राने मुंबईतल्या महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत काढली. पहिले संचालक प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी त्याच दशकात जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या खिरोद्याला गेले. आसपासच्या खेड्यांतल्या शिक्षकांना घेऊन, हाताशी असेल त्या साहित्यातून विज्ञान कसे शिकवता येते, ते त्यांनी करून पाहिले.

त्यांचा एक प्रयोग मला फार पटला. पोरांना विज्ञान समजत नाही म्हणजे डोके चालत नाही, असे आपण धरून चालतो. या मंडळींना शंका आली की, अडचण पुस्तकाच्या भाषेची तर नसेल? त्यांनी धडा तोच ठेवला आणि भाषा सोपी केली. काही वर्गांना सोपे पुस्तक, काही वर्गांना नेहमीचे. सोप्या भाषेत शिकलेली मुले पुढे गेली. 1981 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्यातलेच उदाहरण घ्या. परिपत्रकात मी 'लोहाची कमतरता' लिहिले तर किती जण वाचतील? 'उसावर केवडा पडलाय' म्हटले की सगळे कान टवकारतात.

पडद्याच्या वादाला जवळचा प्रयोग मुंबई आणि बडोद्यात झाला, 2001 ते 2004 या काळात. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी 'प्रथम' संस्थेबरोबर तो केला. पुढे 2019 साली या दोघांना मायकेल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. वाचन-गणितात मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच शिकलेली मुलगी रोज दोन तास वेगळे बसवून शिकवायची. तिला म्हणायचे बालसखी. काही शाळांत तिसरीला बालसखी दिली, काहींत चौथीला. म्हणजे एकही शाळा कोरडी राहिली नाही आणि तुलनाही करता आली. बालसखीने मुले सुधारली. बडोद्यात चौथीच्या मुलांना गणितासाठी संगणकही दिले, त्यांनीही गणित सुधारले. पण खर्च मांडला तर संगणकाला दर मुलामागे बालसखीच्या सहापटीहून अधिक पैसा लागला. आणि कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने दोन्हींचा फायदा बराच ओसरला. एकदा खत टाकून पाच खोडवे निघत नाहीत, तसेच हे.

याचा अर्थ संगणक वाईट, असा मी काढत नाही. बडोद्याची जमीन वेगळी, आपली वेगळी. को 86032 ची शिफारस 1996 साली झाली, पण चोपणात ते कसे येते हे आपण आपल्याच शिवारात पाहिले ना? संशोधन केंद्र काय करते? कोणते बेणे आधी लावून पाहावे एवढे सांगते. लावून पाहायचे काम आपले.

गावी आल्यावर समितीपुढे हे सगळे मांडले. वर्गणीचे पैसे बँकेत ठेवले. गुरुजी-बाईंनी दुसरीपासून पुढच्या प्रत्येक मुलाला जवळ बसवून एक सोपा उतारा वाचायला लावला. यादी सभेत वाचली तेव्हा म्हातारबाबांचा नातू एकटा नाही, हे सर्वांना कळले. पडद्याचे नाव त्या दिवशी कोणी काढले नाही.

आता गावातल्या दोन शिकलेल्या मुलींना मानधन देऊन मागे पडलेल्या मुलांना रोज शिकवायचे ठरले आहे. निम्मी मुले पहिल्या सत्रात, निम्मी दुसऱ्या सत्रात. कोणाची पाळी आधी ते चिठ्ठ्या टाकून ठरवले, म्हणजे पुढाऱ्याचे पोर पहिले, असे व्हायला नको. ज्यांची पाळी नंतर, त्या आमच्या सोडलेल्या सऱ्या. दिवाळीच्या सुट्टीआधी सर्वांना पुन्हा वाचायला लावू. फरक दिसला तर पुढे चालवू, नाही तर उरलेल्या पैशाचा दुसरा विचार करू.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीवर तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. तेव्हा तुमच्या गावच्या बैठकीला जा आणि कोणी काही विकत घ्या म्हणाले की एवढे विचारा. आज मुलांना काय येते, हे मोजले का? ही गोष्ट आधी कुठे करून पाहिली आणि तुलना कशाशी केली? दर मुलामागे खर्च किती? आणि पैसा संपल्यावर काय राहील?

आमचा निकाल काय येईल ते आज सांगत नाही. चांगला आला तर याच पानावर छापू, उलटा आला तरीही छापू. त्या द्रवरूप खताच्या वेळी माझ्याकडे छापायलाच काही नव्हते.

आपला,
ऊस विकास अधिकारी