डोंगरावरची शांतता: नंदीदुर्ग आणि दूरची दोन गावे

बंगळूरहून उत्तरेकडे निघालेला मार्ग देवनहळ्ळीचा विमानतळ मागे टाकून पुढे जाऊ लागला, की द्राक्षांच्या मांडवांपलीकडे एक प्रचंड, उघडाबोडका खडक क्षितिजावर दिसू लागतो. हाच नंदीदुर्ग. रवंथ करीत बसलेल्या बैलाशी त्याच्या आकाराचे साम्य आहे, असे या भागातील लोक मानतात. शहरापासून त्याचे अंतर सुमारे साठ किलोमीटर, तर समुद्रसपाटीपासून त्याची उंची १,४७८ मीटर आहे. बंगळूर स्वतःच नऊशे मीटरहून अधिक उंचीवर वसलेले असल्यामुळे डोंगर शहरापेक्षा साडेपाचशे मीटरांनी उंच ठरतो. उंची हजार मीटरांनी वाढली, की हवेचे तापमान सर्वसाधारणपणे सहा ते साडेसहा अंशांनी उतरते. या हिशेबाने नंदीवर शहराहून तीन-साडेतीन अंशच थंडी अधिक असावयास हवी. बर्फ पडण्याचा तर प्रश्नच नाही. तरीही हिवाळ्यातील रविवारी, पहाट होण्यापूर्वीच, मोटारींची आणि मोटारसायकलींची रांग पायथ्यापासून वर सरकू लागते.

ही माणसे जे पाहावयास येतात ते खरोखरच पाहण्यासारखे असते. हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात टाकून देते आणि झपाट्याने थंड होते. जमिनीला लागून असलेली हवाही थंड होऊन जड बनते व सखल भागात साचून राहते. भोवतालच्या तलावांतून आणि ओलिताच्या शेतांतून आलेले बाष्प या थंड हवेत गोठत नाही, पण त्याचे सूक्ष्म थेंब बनतात आणि पहाटेपर्यंत सारे पठार धुक्याने भरून जाते. उंच माथा मात्र या थंड थराच्या वर राहतो. त्यामुळे माथ्यावर उभा असलेला मनुष्य स्वच्छ हवेत असतो आणि त्याच्या पायांखाली पांढरा समुद्र पसरलेला असतो. त्या समुद्रातून शेजारच्या डोंगरांची शिखरे बेटांसारखी वर आलेली दिसतात. सूर्य वर आला, जमीन तापली, की तासा-दोन तासांत हे सारे विरून जाते. म्हणूनच सर्वांना एकाच वेळी पोहोचावयाचे असते, आणि म्हणूनच ज्या शांततेसाठी ते येतात ती त्यांच्यापैकी कोणालाही मिळत नाही.

नंदी पूर्वी शांत होता तो कोणी शांतता राखली होती म्हणून नव्हे. तेथे चढणे अवघड होते, आणि ते अवघड राहावे अशीच त्याच्या धन्यांची इच्छा होती. चिक्कबळ्ळापूरच्या पाळेगारांनी येथे किल्ला राखला. पुढे हैदर आणि टिपू यांनी तो अधिक मजबूत केला. १७९१ मध्ये, तिसऱ्या म्हैसूर युद्धात, कॉर्नवॉलिसच्या सैन्याने त्यास वेढा घातला. या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा इंग्रजांच्या बाजूने उतरल्या होत्या, हे मराठी वाचकास ठाऊक असेलच. परंतु नंदीचे काम कंपनीच्या पलटणींनी केले. काम होते ते मुख्यतः रस्त्याचे. तोफा वर नेल्यावाचून तटाला खिंडार पडेना, आणि वाट केल्यावाचून तोफा वर जाईनात. डोंगराच्या अंगावर वाट खोदण्यात आली, तोफा ओढण्यास हत्ती लावण्यात आले, आणि सुमारे तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर ऑक्टोबरात किल्ला पडला. या डोंगरावर चाके चढविण्याचा हा मोठा उद्योग सहलीसाठी नव्हता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढच्या शतकात साहेब आले ते विश्रांतीसाठी. १८३४ ते १८६१ या काळात म्हैसूरचे कमिशनर असलेल्या मार्क कबन यांनी माथ्यावर उन्हाळी निवास बांधला. त्या काळातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या आठवणींत डोंगरावरील थंड हवा, बागा, संध्याकाळचे फिरणे यांची वर्णने भरपूर सापडतात. साहेबाची पालखी, त्याची पुस्तके, त्याचा दारूगोळा आणि दारू ज्यांच्या खांद्यांवरून वर गेली त्या भोयांविषयी मात्र एखादे वाक्य मिळाले तरी पुष्कळ. डोंगरावर जाण्याचे श्रम कधीच नाहीसे होत नसतात. ते कोणीतरी दुसरा करीत असतो, एवढेच.

विश्रांतीसाठी येथे आलेल्यांत सर्वांत प्रसिद्ध नाव महात्मा गांधींचे आहे. मार्च १९२७ मध्ये कोल्हापुरात असताना अतिश्रमाने त्यांची प्रकृती एकाएकी ढासळली. निपाणीला काही दिवस काढल्यावर त्यांना आंबोलीच्या थंड हवेत नेण्यात आले आणि एप्रिलमध्ये तेथून नंदीवर. जूनच्या आरंभी ते बंगळुरात उतरले. १९३६ च्या मे महिन्यात ते पुन्हा येथे येऊन राहिले. त्या मुक्कामात सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे राह्म नावाच्या एका स्विस जीवशास्त्रज्ञांना घेऊन त्यांच्या भेटीस आले होते. आल्प्सच्या देशातील एक विद्वान उन्हाळ्याच्या भरात या उघड्या खडकावर येऊन बसला होता, याची गंमत त्या दोघांना वाटली असेल की नाही, कोण जाणे.

आल्प्सचा उल्लेख येथे ओघाने आला, तरी तो सोडून देण्यासारखा नाही. इटलीच्या वायव्य कोपऱ्यात आओस्ता नावाचे खोरे आहे. त्यातील एका उपखोऱ्यात, सुमारे अठराशे मीटर उंचीवर, शामुआ नावाचे गाव आहे. आल्प्समधील एका चपळ शेळीवर्गीय प्राण्याचेही हेच नाव. वस्ती शंभराच्या आसपास. दगडी भिंतींची आणि लाकडी सज्जांची घरे, एक चर्च, उतारावर कुरणे. हिवाळ्यात या कुरणांवर बर्फाचा जाड थर बसतो, आणि लोक पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधून त्यावरून घसरत खाली येण्याचा खेळ खेळतात. हाच स्कीइंगचा खेळ होय. पट्टीमुळे शरीराचा भार मोठ्या पृष्ठभागावर वाटला जातो व पाय बर्फात रुतत नाही; आणि तिच्या बुडाखाली घर्षणाने वितळलेल्या पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होत असल्यामुळे ती सहज सरकते. उतार आणि बर्फ असले की हा खेळ कोठेही खेळता येतो. आपल्याकडे गुलमर्ग आणि औली येथे तो खेळला जातो.

परंतु शामुआची प्रसिद्धी बर्फासाठी नाही; बर्फ आल्प्समध्ये सर्वत्रच आहे. या गावात मोटारी नाहीत. खालच्या बुईसों या वस्तीपासून तेथे जावयाचे तर रज्जुमार्गाच्या पाळण्यात बसावयाचे, नाहीतर पायी चढावयाचे. शेजारच्या मोठ्या स्की-नगरांपर्यंत रुंद रस्ते गेले आणि त्यांमागून हॉटेले, वाहनतळ, गजबजलेले बाजार आले. शामुआच्या गावकऱ्यांनी मोटाररस्ता नाकारला. परिणाम सरळ आहे. पाळण्यात एका खेपेस जितकी माणसे मावतात, त्याहून अधिक एकदम वर येऊ शकत नाहीत. आणि जो येतो तो आपला आवाज व धूर खालीच ठेवून येतो. सकाळी ऐकू येते ती चर्चची घंटा आणि बर्फ उपसणाऱ्या फावड्याची खरखर. अर्थात या निवडीची किंमतही आहे. रस्ता नसलेल्या गावात तरुणांना नोकरीधंद्याची साधने थोडी, आणि वादळात पाळणा थांबला तर गाव जगापासून तुटते. ही किंमत गावकरी स्वतः भरतात. निर्णयही त्यांनीच घेतलेला आहे.

असेच एक गाव महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानच्या पठाराकडे प्रथम लोकांचे लक्ष वेधले. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या पैशाने व उद्योगाने नेरळहून छोटी आगगाडी तेथे पोहोचली. मोटार दस्तुरी नाक्यापाशी थांबते. पुढे लाल मातीच्या वाटा, घोडे आणि झाडी. माथेरानच्या शांततेचे गोडवे मराठीत पुष्कळ गायिले गेले आहेत. पण त्या वाटांवर माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढीत असे, आणि सामान डोक्यावरून जात असे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला विसंगत ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला व त्याजागी विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा मार्ग सुचविला. आवाज न करणारी गाडी आली म्हणून माथेरानची शांतता बिघडेल, अशी हाकाटी करणाऱ्यांनी रिक्षाचे दांडे धरणाऱ्याच्या छातीचा भाता कधी ऐकला होता काय, असा प्रश्न पडतो.

ही दोन गावे डोळ्यांसमोर ठेवून नंदीकडे परतले, म्हणजे त्याचे दुखणे नीट कळते. येथे वर जाण्याचे श्रम ना प्रवाशाने राखले, ना भोयाच्या खांद्यावर ठेवले. ते इंजिनाने उचलले. एके काळी बंगळूरहून अरुंद मापाच्या आगगाडीने नंदीच्या पायथ्याशी उतरावयाचे आणि हजाराहून अधिक पायऱ्या चढून वर जावयाचे, असा क्रम होता. मोटाररस्ता झाला, तरीही शहर लांब होते. २००८ मध्ये देवनहळ्ळीला विमानतळ सुरू झाला. त्यासाठी रुंद केलेल्या महामार्गाने नंदीलाही तासाभराच्या अंतरावर आणून ठेवले. डोंगर मात्र होता तेवढाच राहिला. माथ्यावरील सपाटी लहान आहे. तिच्यात एक तलाव, एक मंदिर, काही बागा आणि काही जुने बंगले. हजारो वाहनांना तेथे जागा नाही.

खडकाच्या कपारींतून आणि काटेरी झुडपांतून पिवळ्या गळ्याचा बुलबुल राहतो. हा पक्षी दक्षिण भारतातील अशा खडकाळ टेकड्यांवाचून अन्यत्र सापडत नाही, आणि त्याची संख्या जगभरच्या नोंदींत चिंताजनक मानली जाते. त्याची शीळ ऐकण्यासाठी आलेल्या माणसास बहुधा भोंगेच ऐकून परतावे लागते.

पाण्याची गोष्ट याहून गंभीर आहे. नंदी आणि त्याच्या शेजारचे डोंगर हे कित्येक नद्यांचे माहेर आहे. उत्तर पिनाकिनी व दक्षिण पिनाकिनी, पालार, चित्रावती आणि अर्कावती या नद्यांचे उगम याच परिसरात मानले जातात. यांपैकी अर्कावतीने एके काळी बंगळूरची तहान भागविली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्टा येथून शहरास नळाने पाणी आले ते तिचे. १९३० च्या दशकात तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय झाला तोही तिच्याच पाण्यावर. पुढे झाडी गेली, विहिरी खोल गेल्या, आजूबाजूच्या टेकड्यांत दगडखाणी चालू झाल्या, तलावांना पाणी आणणारे ओढे बुजले. आणि हेसरघट्टा कित्येक वर्षे कोरडे पडून राहिले. शहराने आपली तहान कावेरीवर नेली, जी सुमारे शंभर किलोमीटरांवरून, पंपांच्या बळावर, वर चढवून आणावी लागते. उगमाच्या डोंगरावर मात्र शहर दर रविवारी जातच राहिले.

ऑगस्ट २०२१ मध्ये अतिवृष्टीने नंदीवर दरड कोसळली. शिळा आणि चिखल खाली आले, रस्त्याचा काही भाग वाहून गेला, आणि डिसेंबरच्या आरंभापर्यंत डोंगर प्रवाशांना बंद राहिला. ज्या वाटेने गर्दी वर जात होती, तीच वाट डोंगराने मोडून टाकली, असे कोणी म्हणेल. ते काव्य होईल. खरे कारण उतारावर कापलेला रस्ता आणि त्यावर एकाएकी आलेले पाणी हेच आहे.

मार्च २०२३ मध्ये पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या रज्जुमार्गाची पायाभरणी करण्यात आली. या योजनेचे स्वागत करावे की तिची धास्ती घ्यावी? शामुआमध्ये पाळण्याने गावाला वाचविले, कारण तेथे पाळणा हा रस्त्याच्या ऐवजी आला. नंदीवर तो रस्त्याच्या जोडीला आला, तर वर पोहोचणाऱ्यांची संख्या वाढेल आणि दुसरे काही होणार नाही. वाहने खालीच थांबविण्याचे धैर्य दाखविले, तरच तीनशे माणसांचा दिवस आणि तीस हजारांचा दिवस यांतील निवड पुन्हा आपल्या हाती येईल. प्रस्तुत लेखकाच्या मते प्रश्न यंत्राचा नसून रस्ता मिटण्याचा आहे, आणि रस्ता मिटविणे हे रस्ता बांधण्याहून कितीतरी अवघड काम असते. पायथ्याशी पेरू, काकडी आणि भाजलेली कणसे विकून ज्यांची चूल पेटते, त्यांना या हिशेबातून वगळूनही चालणार नाही. वाहने खाली थांबली, तर त्यांचा धंदा उलट वाढण्याचाच संभव आहे.

तोवर ज्यास नंदीची विश्रांती खरोखर हवी असेल, त्याने वर जाण्याची घाई करू नये. डोंगराच्या पायथ्याशी नंदी हे गाव आहे आणि त्यात भोगनंदीश्वराचे देऊळ आहे. त्याची प्राचीनता नवव्या शतकापर्यंत मागे जाते. नोळंब, बाण, गंग, चोळ, होयसळ आणि विजयनगर अशा अनेक राजवटींनी त्यात भर घातली. आवारात अरुणाचलेश्वर, उमामहेश्वर आणि भोगनंदीश्वर अशी शिवस्थाने आहेत. त्यांत शिवाचे बालपण, विवाह आणि तारुण्य कल्पिले आहे. डोंगराच्या माथ्यावरील देवळातला शिव योगनंदीश्वर आहे, म्हणजे संसार सोडून बसलेला. भोग खाली, योग वर. मधल्या पायऱ्या ज्याने त्याने चढावयाच्या, अशी ही रचना.

देवळाच्या आवारात दगडी पायऱ्यांची मोठी पुष्करिणी आहे. तिला शृंगतीर्थ म्हणतात. नंदीने आपले शिंग जमिनीत खुपसले तेव्हा येथे पाणी आले, आणि दक्षिण पिनाकिनीचा उगम तो हाच, अशी आख्यायिका आहे. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, वरच्या रांगा विरळ झालेल्या असतात आणि खाली गावातील बायका फुले घेऊन देवळाकडे येत असतात. पुष्करिणीच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसले, की खाली हिरवट पाणी दिसते, आणि त्या पाण्यात उलटा पडलेला डोंगर.